बाई आधी माझ्यावर करून बघायच्या

बाईंनी मला कधी नावानं हाक मारली नाही. कुणालाच मारत नसत. माणूस कुठून आलं ते एकदा विचारायच्या आणि मग ते गावच त्याला कायमचं चिकटवून टाकायच्या. गेटवरचा वॉचमन नलगोंडा होता, गणिताच्या मॅडम गुंटूर होत्या, आणि मी खानदेश. एवढा मोठा मुलूख माझ्या एकटीच्या अंगावर! "ए खानदेश, बादली आण गं," असं वरच्या मजल्यावरून ओरडल्या की खालच्या वर्गातली मुलं खिदळायची. मला मात्र बरं वाटायचं. हैदराबादच्या अंबरपेठेत आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो. घरमालकीण मला अम्मा म्हणते, भाजीवाला अक्का म्हणतो, नवरा ट्रान्सपोर्टच्या गाडीवर, तो निम्मा वेळ रस्त्यावर. आपण कुठून आलो हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, असे दिवस होते ते. त्यात कुणीतरी भरल्या शाळेत माझ्या मुलखाचं नाव घ्यायचं.

शाळा तारनाक्याच्या बाजूला. मी तिथं आया म्हणून लागले होते. फरशी पुसायची, लहान मुलांना बाथरूमला न्यायचं, घंटा द्यायची. माझा स्वभाव भित्रा. ऑफिसातून बोलावणं आलं की काढलंच आपल्याला असं वाटायचं, आणि जाऊन बघावं तर खडूचा डबा हवा असायचा. म्हणून सायन्सच्या बाईंनी लॅबमध्ये बोलावलंय असा निरोप आला तेव्हा मी आधी देवाचं नाव घेतलं आणि मग जिना चढले.

बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. साठीला टेकलेल्या, उंच, सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, आणि दोन्ही मनगटांत बांगड्यांच्या जागी रबरबँडं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादचं, त्यामुळे मराठी अशी की अर्धं वाक्य आपलं, अर्धं चारमिनारकडचं.

"शाळा किती झाली?"

"सहावी."

"पास?"

"पास, पण पुढं नाही गेले. आई आजारी पडली, मग घरचं..."

"ते नक्को. सहावीचं सायन्स याद आहे काही?"

मी मान खाली घातली. "नाही बाई."

"बहोत खूब!" त्या इतक्या खूश झाल्या की मी घाबरलेच. "मग तू माझी. बस इथं."

टेबलावर एक रबरी नळी होती आणि तिच्या दोन्ही टोकांना दोन फुगे बांधलेले. एक चांगला टम्म फुगवलेला, दुसरा लिंबाएवढा. मधोमध नळी त्यांनी बोटांत चिमटून धरली होती.

"आता मी बोटं सोडणार. पुढं काय होईल?"

मला वाटलं ही परीक्षा आहे आणि चुकले तर नोकरी गेली. तरी उत्तर सोपं वाटलं. ज्याच्याकडे जास्त तो कमीवाल्याला देणार. "मोठा बारीक होईल, छोटा फुगेल. दोन्ही सारखे होतील."

"नक्की?"

"नक्की."

बाईंनी बोटं सोडली. छोटा फुगा आणखी छोटा झाला. होता नव्हता तो सगळा वारा त्यानं मोठ्याला देऊन टाकला, आणि मोठा अजून मोठा झाला. मी दोन्ही हात तोंडावर धरले. तेवढ्या वेळात आपण कुठं आहोत, कशाला आलोय, खाली नळ चालू राहिलाय का, काही आठवेना.

"का झालं बाई असं?"

"मला कायकू विचारतेस? मी आहे का फुगा? त्याला विचार."

आणि त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. त्या संध्याकाळी घरी येऊन मी फुगे फुगवत बसले. नवरा म्हणाला, वाढदिवस कुणाचा आहे? फुगवताना गालांना कळलं. पहिला श्वास सगळ्यात जड जातो. फुगा लहान असतो तेव्हाच तो जास्त आवळून धरतो, थोडा मोठा झाला की सैल पडतो. दुसऱ्या दिवशी हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी बरोबर म्हटलं नाही, चूक म्हटलं नाही. "हं," म्हणाल्या आणि डब्यातली एक गोड भाकरी माझ्या हातावर ठेवली.

तेव्हापासून माझी बदली लॅबमध्ये झाली आणि बाईंचा शिरस्ता मला कळला. कुठलाही धडा वर्गात नेण्याआधी त्या माझ्यावर करून बघायच्या. मला सहावीनंतर कुणी काही शिकवलेलं नाही, त्यामुळे मी उगाच समजल्यासारखी मान हलवत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी 'आं?' म्हटलं की धडा पास. मी 'छान आहे' म्हटलं की नापास.

एकदा त्यांनी मातीचा डोंगर करून त्यातून सोडा आणि व्हिनेगरचा लाल फेस काढला. किती मेहनत घेतली होती! डोंगराला झाडं लावली होती, खाली कागदाचं गाव वसवलं होतं. फेस आला, गावावरून वाहिला, आणि मला जांभई आली. बाईंनी तो डोंगर उचलला आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात.

"अहो बाई! मी रात्री झोपले नव्हते म्हणून."

"मुलं तरी कुठं झोपून येतात?"

"पण टाळ्या वाजवल्या असत्या हो त्यांनी."

"हौ, वाजवल्या असत्या. टाळी वाजली की डोकं बंद होतं. संपलं ना, घरी चला. मला टाळी नको, भांडण पाहिजे."

धडे शोधायला त्या कुठं कुठं जायच्या! फोनवर जगभरचे मास्तर प्रयोग करून दाखवतात, ते त्या जेवताना बघायच्या आणि घासागणिक नापास करायच्या. "जादूगार आहे हा. हा पण जादूगार. हिला स्वतःलाच कंटाळा आलाय, बघ तिचा चेहरा." मग रविवारी मला घेऊन सुलतान बाजार. इतर बायका तिथं कापड बघतात, बांगड्या बघतात. बाई त्या सगळ्या गर्दीतून छत्री पुढं करून चालायच्या आणि भलत्याच दुकानात शिरून भलतंच मागायच्या. काचवाल्याकडे वाकडी काच, घड्याळवाल्याकडे बिघडलेलं घड्याळ. दुकानदार ओळखून होते. "आओ अम्मा, आज क्या फोडने का इरादा है?"

एका रविवारी आम्ही एसी दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात गेलो. बाईंनी तांब्याची जाड नळी मागितली, उभी धरली, आणि पिशवीतून बटणाएवढं पण फार जोरकस चुंबक काढलं. आधी दुकानदाराला नळीला लावून बघायला सांगितलं. चिकटलं नाही. "तांबे को नहीं लगता अम्मा, लोहे को लगता," तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "हौ ना? तो अब छोडो इसमें." त्यानं वरून चुंबक सोडलं आणि सवयीनं खाली तळहात धरला. काही पडेना. त्यानं नळीत डोळा घालून पाहिलं. चुंबक आतून सावकाश, कुणी पालखीतून उतरवावं तसं खाली येत होतं. कशाला न चिकटता, कुणी न धरता.

तो माणूस मटकन स्टुलावर बसला. "या अल्ला." मग शेजारच्या दुकानातला आला, त्यानं टाकून पाहिलं, मग मोटरसायकलवरचा एक उतरला. एक म्हणाला, आत तेल लावलंय. दुसरा म्हणाला, तेलानं तर जोरात यायला पाहिजे. तिसऱ्यानं खिशातला खिळा टाकला, तो खाडकन खाली. मग आवाज चढले. गिऱ्हाईक फोनवर ओरडतंय, माझा एसी कधी आणणार, आणि दुकानदार त्याला सांगतोय, "अरे ठैरो मियाँ, इधर बहुत बडा मसला हो गया."

बाई बाजूला छत्रीवर हात ठेवून उभ्या. चेहरा असा, की देवळात आरती चाललीय. माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "ऐक, खानदेश. याला म्हणतात सायन्सचा तास."

मला तेव्हा काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. वस्तू तीच, तांब्याची नळी. दुकानदाराच्या हातात कितीदा येऊन गेली असेल. तिच्या आत असं काही बसलंय आणि ते बाईंना दिसतं. या बाईंच्या सोबत मी चालतेय, त्यांची पिशवी माझ्या खांद्यावर आहे, याचीच मला धन्यता वाटली.

मग शाळेला नवे अध्यक्ष आले. भालकीकडचे, घरी मराठी बोलणारे, शहरात कापडाचं मोठं दुकान. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा. त्यांनी शाळा फिरून पाहिली आणि लॅबमध्ये आल्यावर नाकाला रुमाल लावला. त्यांच्या डोक्यात एकच, भिंतभर मोठा कॉम्प्युटरचा पडदा घ्यायचा, त्यात सगळे धडे तयार येतात, बोट लावलं की ज्वालामुखी, बोट लावलं की हृदय. त्यासाठी हीच खोली रिकामी करायची. ऑफिसातल्या क्लार्कनं मला जिन्यात गाठून सांगितलं, "लॅब गेली की तुमची जागा पण गेली, अक्का. आयाच्या जागेवर दुसरी घेतलीय आता. दुसरीकडं बघायला लागा."

दुसरीकडं म्हणजे कुठं? सहावी पास बाईला दुसरीकडं कोण विचारतं? खोलीचं भाडं माझ्या पगारावर होतं. मी रात्रंदिवस तेच घोकू लागले. बाईंना काही बोलले नाही. बोलून काय, त्यांचा स्वतःचाच जीव त्या खोलीत होता.

बाईंनी अध्यक्षांकडून एक तास मागून घेतला. शनिवारी येऊन बसा, बघा, मग ठरवा. अध्यक्ष हो म्हणाले. आणि बाईंनी निवडला कोणता धडा? बर्फाचा! दोन ग्लास, एकात साधं पाणी, एकात मिठाचं. दोन्हींत बर्फ. कुठला आधी विरघळेल? त्यांनी तो माझ्यावर करून पाहिला होता आणि मी मिठाचा म्हटलं होतं. कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो, बर्फ कसा भराभर पाणी होतो, ते मी लहानपणापासून पाहिलेलं. झालं उलटंच. साध्या पाण्यातला गेला, मिठातला रेंगाळत राहिला. मी 'आं?' म्हटलं होतं. पण अध्यक्षांसमोर, एवढं सगळं पणाला लागलेलं असताना, बर्फ वितळताना बघत बसायचं?

"बाई, पाया पडते," मी म्हणाले. "काहीतरी रंगीत करा. तो डोंगर करा. टाळ्या वाजतील, खूश होऊन जातील."

"टाळ्यांवर खोली वाचवली तर रोज टाळ्याच द्याव्या लागतील, गं. कुठून आणू?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरं, परेशान नको होऊ. बर्फात लाल रंग घालू."

शनिवारी ऊन मी म्हणत होतं. अध्यक्ष आले, सोबत पडदा विकणारा तरुण साहेब, हेडमास्तर. आठवीचा वर्ग दोन्ही बाजूंना बसलेला. बाईंनी ग्लासांच्या जोड्या प्रत्येक टेबलावर ठेवायला सांगितल्या होत्या, पाहुण्यांच्या टेबलावरही. मी ट्रे घेऊन गेले. कँटीनचेच काचेचे ग्लास, त्यांत पाणी, वर लालचुटूक बर्फ. शेजारी मिठाची बरणी, चमचा. अध्यक्षांनी घाम पुसला, मला म्हणाले, "अरे वा, बरं केलं." मला कळेपर्यंत त्यांनी चमचा उचलला, साखर खाली बसली असेल म्हणून ग्लास चांगला खळखळ ढवळला, आणि मोठा घोट घेतला.



अध्यक्षांचे डोळे मोठे झाले. घोट धड गिळवेना, धड थुंकवेना. शेवटी गिळला. "काय आहे हे? सरबत आहे का समुद्र?"

गेली. खोली गेली, नोकरी गेली, आता गावाकडची गाडी. हेडमास्तर पाण्याला धावले. पडद्यावाला साहेब रुमालाआड हसला. आणि बाई? बाईंनी माफी मागावी, निदान अरेरे म्हणावं! त्या लांब टांगा टाकत आल्या आणि अध्यक्षांच्या हातातल्या ग्लासाकडे बोट दाखवून ओरडल्या, "भालकी! हलू नका!"

अध्यक्षांना भालकी! पण ते खरंच हलले नाहीत.

"मिठाचा आहे ना हा? ढवळला तुम्ही?"

"ढवळला. मला काय माहीत..."

"ठेवा खाली. हळू. आता कुणी हात लावायचा नाही."

सगळ्यांनी पाहिलं. अध्यक्षांच्या ग्लासातला बर्फ बोराएवढा उरला होता. इतर टेबलांवर मिठातले बर्फ तसेच्या तसे. दोन्हींत तेच मीठ, तेच पाणी. आणि मी बाईंचा चेहरा पाहिला. इतक्या दिवसांत मी तो पहिल्यांदाच तसा पाहिला. तोंड उघडं, भुवया वर. त्यांनी हा प्रयोग कितीदा केला असेल, पण ढवळून कधी पाहिलं नव्हतं. अगदी हळू म्हणाल्या, "आं?"

मग जे काही झालं! एक मुलगा म्हणाला, चमचा गरम होता. त्याच्या मागची मुलगी म्हणाली, लेदु, नाही, चमचा तर सावलीत होता. कुणी म्हणालं, सरांनी अर्धं पिऊन टाकलं, पाणी कमी झालं म्हणून. अध्यक्ष चिडले, "एक घोट घेतला फक्त, अर्धं कुठं?" आणि ते शाबीत करायला स्वतःच उठून नवा ग्लास भरायला लागले. मीठ किती, विचारलं मला. मी सांगितलं. घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या दुमडल्या. एक ढवळायचा, एक नाही. कँटीनमधून आणखी बर्फ आणायला वॉचमन नलगोंडा पळाला. तासाची घंटा कधी झाली ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

"मॅडम, सांगून टाका ना का होतं ते," अध्यक्ष म्हणाले. "मला दीडला दुकानावर पोचायचंय."

सांगा ना हो बाई, मी मनात हात जोडले. एवढं एक वाक्य सांगा, माणूस खूश होऊन जाईल.

"मला माहीत असतं तरी कशाला सांगितलं असतं?" बाई म्हणाल्या. "डोळे आहेत ना तुम्हाला? एवढं कापड विकता."

पण अध्यक्ष खरंच वाकले. टेबलाला हनुवटी टेकवून ग्लासाकडे आडवे बघू लागले. मीही माझ्या कोपऱ्यातून पाहिलं. साध्या पाण्यात बर्फाखालून लाल धागे सुटत होते, वळत वळत तळाशी जात होते. किती सुंदर ते! मिठाच्या ग्लासात एकही धागा खाली जात नव्हता. लाल रंगाची साय वरच धरली होती आणि बर्फ तिच्यात बुडून बसला होता.

"रंग खाली उतरत नाहीये," अध्यक्ष म्हणाले. आवाज एकदम बदललेला. "कच्चा रंग पाण्यात सोडला की खाली बसतो. मी जन्मभर बघतोय. इथं का थांबलाय?"

"सर, मिठाचं पाणी जड आहे," ती मघाची मुलगी हिंदीत म्हणाली. "वरचं पाणी हलकं. खाली जाऊ देत नाही."

"म्हणजे बर्फाचं गार पाणी बर्फापाशीच..." अध्यक्ष सरळ झाले. "अरे! गारव्यातच बसलाय तो. स्वतःच्याच! गोधडी घेऊन. आणि मी ढवळली ती गोधडी काढून टाकली!"

वर्गात कुणी टाळी वाजवली नाही. दोघंतिघं म्हणाले, नाही सर, तसं नाही. आणि भांडण पुन्हा सुरू झालं. अध्यक्षही त्यात.

अडीच वाजले. मुलं घरी गेली. अध्यक्षांनी माझ्याकडून टॉवेल घेऊन कोपरापर्यंत हात पुसले. पडद्याच्या साहेबाला म्हणाले, "तुमचं ते मशीन खालच्या हॉलमध्ये लावा. चांगलंच आहे, पण इथं नको." मग बाईंकडे वळले. "खोली राहू द्या. तुम्ही आहात तोवर खोली तुमची."

मी सिंककडे तोंड करून रडत होते. कुणाला दिसू नये म्हणून ग्लास विसळत होते.

"नक्को," बाईंचा आवाज आला.

मी नळ बंद केला.

"मी मार्चात रिटायर. मग एप्रिलमध्ये परत हाच तमाशा? माझ्या नावानं नको खोली. ही खानदेश आहे तोवर म्हणा."

म्हणजे त्यांना माहीत होतं. क्लार्क काय बोलला, मी काय घोकतेय, सगळं माहीत होतं.

अध्यक्षांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "या? या काय शिकवतात?"

"शिकवत नाही. कंटाळते."

"काय?"

"कंटाळते. मास्तर लोक कंटाळत नाहीत, त्यांना स्वतःचा आवाज आवडतो. मुलं कंटाळतात पण सांगत नाहीत, मार्क जातील म्हणून. ही कंटाळली की सांगते. भित्री आहे, पाय कापतात, पण सांगते. असं माणूस ठेवा लॅबमध्ये, सायन्स बरं चालतं."

अध्यक्षांना हसू आवरेना. मिठानं सुकलेले ओठ पुसत ते ऑफिसात गेले. पुढच्या आठवड्यात मला कायम केल्याचा कागद मिळाला. लॅब असिस्टंट. मी तो बाईंना दाखवायला नेला तर त्या ग्लासात वाकून काहीतरी ढवळत होत्या, म्हणाल्या, "उजेडातून सरक."

मार्चात बाई गेल्या. निरोपाचा समारंभ होता, त्याला आल्याच नाहीत. आता बहिणीकडे गुलबर्ग्याला असतात. फोन उचलत नाहीत.

त्यांच्या जागी आले ते सर पुण्याचे, तरुण, हुशार, बायको आयटीत म्हणून इकडे आलेले. मला अहो-जाहो करतात. पहिल्याच आठवड्यात मला बोलावून म्हणाले, "ताई, मागच्या मॅडमचा नियम कळला मला. बसा, तुम्हाला एक पाठ दाखवतो." रात्र जागून केलेला होता, दिसत होतं. रंगीत तक्ते, लहान लहान दिवे, मोटार, सगळं अगदी व्यवस्थित. ते बोलत होते, दिवे लागत होते, विझत होते. शेवटी हसऱ्या चेहऱ्यानं त्यांनी विचारलं, "कसं वाटलं?"

एवढा शिकलेला माणूस, नवा, कौतुकानं विचारतोय. छान आहे म्हणायला काय जात होतं? मी पदराला हात पुसले. टेबलाची कड धरली.

"सर," मी म्हणाले, "कंटाळा आला."